बाळबोध आणि सुबोध : मराठीतील ख्रिस्ती धर्मविचार आणि सामान्य प्रौढ वाचक

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती साहित्याचा विचार प्रामुख्याने बायबलची भाषांतरे, भक्तिगीते आणि आत्मचरित्रे या अंगांनी झालेला आहे. या साहित्यातील धर्मविचार मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला. देव एक असून तीन कसा, येशूच्या मरणाने इतरांचे तारण कसे होते, आदामाने केलेल्या पापाशी आपला संबंध काय, हे प्रश्न मराठीत कोणी, कोणासाठी आणि कोणत्या रीतीने सोडवून दाखवले, हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. या ज्ञानशाखेला मराठीत सर्वमान्य नावही नाही. 'ईश्वरविज्ञान' हा शब्द परका वाटतो आणि 'धर्मशास्त्र' म्हटले की मराठी वाचकाला स्मृतिग्रंथ आठवतात. म्हणून प्रस्तुत लेखात 'धर्मविचार' हा साधा शब्द योजला आहे.

धर्मविचार सामान्य वाचकापर्यंत न्यावयाचा म्हणजे भाषा सोपी करावयाची, वाक्ये लहान करावयाची आणि जागोजागी दृष्टान्त पेरावयाचे, असा एक समज रूढ आहे. या समजात एक गफलत आहे. सामान्य वाचक आणि बाल वाचक यांत तो भेद करीत नाही. शेतात राबणारा, हिशेब ठेवणारा, घरातील मरणे पाहिलेला माणूस धर्मविचारात अशिक्षित असेल. पण तो बालक नसतो. त्याच्या शंका प्रौढ असतात. मराठीत 'बाळबोध' आणि 'सुबोध' असे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते पर्यायी नाहीत. बाळबोध लेखन शंका उद्भवणार नाही अशी काळजी घेते. सुबोध लेखन शंकेला जागा देऊन तिच्याशी बोलते. हा भेद लक्षात घेऊन मराठी ख्रिस्ती लेखनाकडे पाहिले असता काय दिसते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

एका ब्राह्मणाची मागणी

या विषयाचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासूनच करावा लागतो. स्टीफन्स यांचा जन्म १५४९ मध्ये इंग्लंडात झाला. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टी भागात राहिले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरी खिळे पाडून मिळावेत यासाठी त्यांनी १६०८ मध्ये आपल्या वरिष्ठांना लिहिले होते. पण ते साध्य झाले नाही. 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत, पंचाण्णव अवस्वरूंत आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतचे कथन त्यांनी केले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढल्यानंतर हा ग्रंथ मराठीच्या प्राध्यापकांच्या हाती खऱ्या अर्थाने आला.

तो हाती आला आणि आपण त्यातले काय घेतले? मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या काही ओव्या. पदवी वर्गाच्या पाठ्यपुस्तकांतून, भाषादिनाच्या भाषणांतून आणि स्मरणिकांतून स्टीफन्स भेटतात ते या ओव्यांपुरते. परदेशी माणसाने आपल्या भाषेचे कौतुक केले याचा आनंद समजण्यासारखा आहे. तथापि, ज्या कामासाठी त्याला ही भाषा हवी होती त्या कामाविषयी आपण विद्यार्थ्यांना काहीच सांगत नाही. प्रशस्तिपत्र ठेवून घ्यावे आणि पत्र लिहिणाऱ्याचे म्हणणे न वाचता टाकून द्यावे, असा हा प्रकार आहे.

वस्तुतः ग्रंथाच्या प्रारंभीचा एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने अतिशय मोलाचा आहे. साष्टीत मुलांना ख्रिस्ती शिकवणीचे धडे दिले जात असताना एक ब्राह्मण येतो आणि पाद्रीगुरूंना विनवितो. मुलांसाठी ही शिकवण ठीक आहे. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हा प्रसंग घडला असेल अथवा काव्यारंभाची सोय म्हणून रचला असेल. त्यातील निदान अचूक आहे. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले तेव्हापासून घंटा वाजवीत मुलांना गोळा करावे आणि त्यांच्याकडून शिकवणीची वाक्ये पाठ करून घ्यावीत, ही पद्धत तेथे रुळली होती. स्वतः स्टीफन्स यांनी कोकणीत अशी प्रश्नोत्तररूप शिकवण लिहिली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. अशा पाठांतरात सामान्यतः गुरू प्रश्न विचारतो आणि मूल ठरलेले उत्तर देते. पुराणात ही दिशा उलटते. तेथे श्रोता विचारतो, पाद्रीगुरू सांगतो, मध्येच कोणी शंका काढतो आणि कथा थांबते. प्रौढ वाचकासाठी लिहिणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मराठीत दुर्मिळ आहे. तोच लेखक, तीच शिकवण, त्याच तालुक्यातील माणसे. पण मुलांसाठी एक प्रकार आणि मोठ्यांसाठी दुसरा.

या प्रसंगाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. 'आमची पुराणे तुम्ही बंद केलीत' हे वाक्य काव्यात सौम्यपणे येते. परंतु त्यामागे साष्टीतील देवळांचा १५६७ मधील विध्वंस आहे, देशी ग्रंथ बाळगण्यावरील निर्बंध आहेत आणि १५८३ मधील कुंकळ्ळीचा रक्तपातही आहे. त्यात पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर गावच्या पुढाऱ्यांना ठार करण्यात आले. म्हणजे वाचकाची भूक खरी होती. पण ती भूक निर्माण करणारी सत्ता आणि ती भागविणारा ग्रंथ एकाच बाजूचे होते. म्हणूनच पुराणातील शंकांना एक मर्यादा आहे. श्रोता 'हे कसे?' असे विचारू शकतो. 'हे मी का स्वीकारावे?' असे विचारून उठून जाण्याचे स्वातंत्र्य त्याला नाही. स्टीफन्स यांच्या मागून १६२९ मध्ये एतिएन द ला क्रुआ यांनी सेंट पीटरच्या चरित्रावर जे मोठे पुराण रचले, त्यात तर हिंदू देवतांच्या खंडनाचाच सूर प्रबळ आहे. त्या तुलनेत स्टीफन्स यांचा संयम उठून दिसतो. तो संयम काव्यदृष्टीचा होता की धोरणाचा, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. दोन्ही असू शकते.

शब्दांची निवड आणि तिची किंमत

धर्मविचार सुगम करण्याचा खरा कस लागतो तो संज्ञांपाशी. स्टीफन्स यांनी येथे दोन मार्ग एकाच वेळी अवलंबिले. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द बेधडक वापरला. मात्र काही गाभ्याच्या संज्ञा पोर्तुगीज अथवा लॅटिन रूपांतच ठेवल्या. परिचित शब्दाने वाचक जवळ येतो. पण आपल्याबरोबर जुने अर्थही घेऊन येतो. अपरिचित शब्द अर्थाचे रक्षण करतो. पण वाचकाला दाराशीच उभे करतो. वैकुंठात विष्णू असतो, हे साष्टीतील श्रोत्याला ठाऊक नव्हते असे मानता येत नाही.

तीन शतकांनंतर पंडिता रमाबाई यांनी याच पेचाला नेमके उलट उत्तर दिले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनातून ते प्रसिद्ध झाले. साध्या, कमी शिकलेल्या स्त्रियांना समजावे हा त्यांचा उद्देश होता. परंतु त्यासाठी त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईने संस्कृत शब्द नाकारावेत, यातील विरोधाभास वरवरचा आहे. ज्याला शब्दाचे सगळे अर्थ ठाऊक असतात त्यालाच तो वापरण्याची भीती वाटते. मात्र मूळ भाषांशी शब्दनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे त्यांची वाक्यरचना अनेकदा अवघडते आणि साधा शब्दही साधेपणाने वाचता येत नाही. शब्द सोपा असणे आणि वाक्य सुबोध असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचे हे भाषांतर म्हणजे ठळक उदाहरण होय.

'पाप' या एका शब्दाचा विचार करू. मराठी माणसाच्या मनात पाप हे पुण्याच्या जोडीने येते. ते कृत्य असते, ते मोजता येते, ते फेडता येते आणि ते ज्याचे त्याला भोगावे लागते. ख्रिस्ती धर्मविचारातील पाप ही मुळात दुरावलेली अवस्था आहे. कृत्ये हा तिचा परिणाम. त्यामुळे 'आदामाच्या पापामुळे सर्व माणसे पापी झाली' हे वाक्य मराठीत वाचताच सुबुद्ध वाचक अडतो. कर्मसिद्धान्ताच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे सरळसरळ अन्याय्य वाटते, आणि ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला मराठी माणूसही त्या संस्काराबाहेर नसतो. ही शंका अज्ञानाची नव्हे, तर्काची आहे.

या शंकेला धर्मविचारात उत्तर आहे, हे येथे महत्त्वाचे. कॅथलिक चर्चने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात असे स्पष्ट केले आहे की, वंशजांच्या बाबतीत 'पाप' हा शब्द सादृश्याने वापरलेला आहे. ते त्यांनी केलेले कृत्य नसून त्यांना लाभलेली उणी अवस्था आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेने तर वारशाने येणाऱ्या दोषापेक्षा वारशाने येणाऱ्या मर्त्यतेवरच भर दिला. पाश्चात्त्य परंपरेत दोषाची कल्पना बळावली ती संत ऑगस्टीनमुळे, आणि त्यांच्यासमोर पौलाच्या रोमकरांस पत्रातील एका वाक्याचे सदोष लॅटिन भाषांतर होते. एका संबंधी सर्वनामाच्या भाषांतराने पंधरा शतकांच्या विचाराला वळण दिले, ही गोष्ट भाषेच्या अध्यापकांना तरी रोचक वाटावी. प्रौढ वाचकालाही ती समजते आणि आवडते. पण मराठीत त्याच्या वाट्याला बहुधा येते ती सफरचंदाची गोष्ट, आणि तेही उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही नसलेले सफरचंद.

इंग्रजीत सी. एस. लुइस यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. १९४१ ते १९४४ या युद्धकाळात बीबीसीवरून दिलेल्या व्याख्यानांतून त्यांचे १९५२ मधील प्रसिद्ध पुस्तक सिद्ध झाले. धर्मगुरूंच्या परीक्षेत धर्मविचाराचा एखादा उतारा लोकभाषेत उतरवून दाखविण्याची अट असावी, अशी त्यांची सूचना होती. आपला विचार सामान्यांच्या भाषेत मांडता येत नसेल तर तो आपल्यालाच कळलेला नाही, अशी त्यामागची धारणा. हा निकष मराठीस जसाच्या तसा लावता येत नाही. लुइस यांच्या श्रोत्याने ख्रिस्ती शब्द ऐकलेले होते; ते गुळगुळीत झाले होते इतकेच. मराठी वाचकापुढे तेच शब्द दुसऱ्याच अर्थाने भरलेले येतात.

दृष्टान्ताचा मोह

त्रैक्याचा सिद्धान्त समजावताना आपल्याकडे पाण्याचा दृष्टान्त हटकून दिला जातो. पाणी, बर्फ आणि वाफ ही एकाच द्रव्याची तीन रूपे. तसेच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मुलांना हा दृष्टान्त पटतो, मोठेही माना डोलावतात. अडचण एवढीच की, चर्चने तिसऱ्या शतकातच चुकीचे ठरविलेले मत नेमके हेच सांगते. एकच देव पाळीपाळीने तीन रूपे घेतो, असे सबेलियसचे मत म्हणून ओळखले जाते. हा दृष्टान्त खरा मानला तर गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कोणाची करीत होता, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. वाचकाला सोपे करून सांगण्याच्या नादात ज्या गोष्टीसाठी सिद्धान्त मांडला गेला तीच गोष्ट निसटून जाते. ३२५ मध्ये नायसिया येथे जमलेले बिशप शब्दांचा कीस काढीत होते ते पांडित्याच्या हौसेने नव्हे. येशूच्या रूपाने भेटला तो देवच की देवाने पाठविलेला कोणी श्रेष्ठ जीव, या प्रश्नावर सामान्य ख्रिस्ती माणसाची प्रार्थना अवलंबून होती.

देशी दृष्टान्तही याहून सुरक्षित नाहीत. दत्तात्रेयाची त्रिमूर्ती मराठी वाचकाला चटकन दिसते. परंतु तेथे तीन देव एकत्र आलेले आहेत, एका देवातील नाते नाही. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये संस्कृत स्तोत्रात 'सच्चिदानंद' या संज्ञेच्या आधारे त्रैक्याचे स्तवन केले. वैचारिकदृष्ट्या हा प्रयत्न पाण्याच्या दृष्टान्ताहून कितीतरी सखोल आहे. पण तो कोणासाठी? वेदान्त ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याच्यासाठी. महाराष्ट्रातील बहुसंख्य ख्रिस्ती समाज ज्या थरांतून आला त्यांना वेद ऐकण्याचीही मनाई होती. त्यांना हा मार्ग परिचिताकडून अपरिचिताकडे नेणारा नव्हे. एका परक्या गोष्टीवरून दुसऱ्या परक्या गोष्टीकडे नेणारा आहे. ख्रिस्ती धर्माच्या 'भारतीयीकरणा'ची चर्चा विद्वत्सभांतून होते तेव्हा ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते, असे खेदाने नमूद करावेसे वाटते.

पूर्वरंग आणि उत्तररंग

नारदीय कीर्तनाची रचना सर्वांस परिचित आहे. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्यातील सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याला पोषक आख्यान येते. मराठी ख्रिस्ती लेखनाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा आलेख या परिभाषेत मांडावयाचा झाल्यास असे म्हणता येईल की, त्याने उत्तररंग समृद्ध केला आणि पूर्वरंग सोडून दिला.

याची सुरुवात रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या यशातच आहे. टिळकांनी (१८६१–१९१९) १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या अभंगांनी आणि भजनांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वतःचा आवाज दिला. ख्रिस्ती कीर्तनही त्यांनी लोकप्रिय केले. येशू माउली आहे, सखा आहे, गुरू आहे हे त्यांनी अशा भाषेत सांगितले की ते परके राहिलेच नाही. कृपा ही संकल्पना तर त्यांना समजावून सांगावीच लागली नाही. वारकरी परंपरेने ती आधीच घराघरांत पोहोचविली होती. परंतु भजन शंका घेऊ शकत नाही, ते त्याचे कामही नाही. टिळकांच्या मागून आलेल्यांनी त्यांचे भजन घेतले आणि निरूपण घेतले नाही. 'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. तेथेही कथाच पुढे सरकते.

आणि तरीही मराठीतील सर्वांत अस्सल लौकिक धर्मविचार माझ्या मते लक्ष्मीबाईंच्याच लेखनात सापडतो. 'ख्रिस्तायना'त नव्हे, तर 'स्मृतिचित्रां'त (१९३४–१९३६). पतीच्या धर्मांतरानंतर सोवळेओवळे पाळणारी ही बाई जातीविषयी स्वतःशीच विचार करू लागते. देवाने पशूंच्या, वृक्षांच्या जाती केल्या त्या दिसतात; माणसांच्या जाती मात्र तशा दिसत नाहीत; मग त्या केल्या कोणी? या साध्या तर्काने तिच्या मनातील भिंत कोसळते आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय होतो. मनुष्य ही देवाची निर्मिती आहे या सिद्धान्तावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. लक्ष्मीबाई तो सिद्धान्त नाव न घेता पाण्याच्या भांड्यापाशी आणून ठेवतात. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो या विचारानंतर. आपण 'स्मृतिचित्रे' शिकवितो ते विनोदासाठी, निवेदनासाठी, स्त्रीजीवनासाठी. त्यातील या पानांना धर्मविचार म्हणून वाचण्याची सवय आपल्याला नाही.

येशू : समाजसुधारक

स्वातंत्र्योत्तर काळात द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) उपासनेत लोकभाषेला स्थान दिले आणि वसई परिसरातील मराठी कॅथलिक लेखनाला बहर आला. १८४२ पासूनचा 'ज्ञानोदय' आणि १९०३ पासूनचा 'निरोप्या' यांची परंपरा होतीच. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या प्रदीर्घ संपादकीय कारकिर्दीत व्यापक मराठी वाचकवर्ग मिळवून दिला. पर्यावरण, गुंडगिरीविरुद्धचा लढा, संतसाहित्य, साहित्यव्यवहार असे विषय त्यांनी हाताळले. २०१० मध्ये राजहंस प्रकाशनाने त्यांचे 'सुबोध बायबल' प्रसिद्ध केले. प्रवाही मराठी, पुस्तकागणिक प्रस्तावना आणि संदर्भ उलगडणाऱ्या टीपा यांमुळे बायबल हा सर्वसामान्य मराठी वाचकाच्या संग्रही असू शकणारा ग्रंथ झाला. १८११ मधील सेरामपूरच्या नव्या करारापासूनची मराठी भाषांतरपरंपरा पाहिली तर हे यश लहान नाही.

परंतु या टीपांचा भर ऐतिहासिक आणि सांस्कृतिक संदर्भावर आहे. हे गाव कोठे, हा सण कोणता, ही रूढी काय, हे कळते. क्रुसावरील मरण 'सर्वांसाठी' कसे, हे विचारणारा वाचक तेथे बहुतांशी एकटाच राहतो. दिब्रिटो यांच्या ललित आणि वैचारिक लेखनातील येशू करुणामय, निर्भय, गरिबांचा कैवारी आहे. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या शेजारी तो सहज बसतो. बसावाच, परंतु ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे येथे संपत नाही, किंबहुना येथून सुरू होते. संत म्हणून येशूला स्वीकारण्यास कोणाचीच हरकत नसते.

हे असे का झाले याचे कारण लेखकाच्या उणिवेत शोधणे अन्यायाचे होईल. मराठीच्या मध्यवर्ती प्रवाहात लिहिणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूवर धर्मप्रसाराचा संशय कायम टांगलेला असतो. २०१९ मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत या कारणावरून आक्षेप घेण्यात आले. अशा वातावरणात सिद्धान्ताची चर्चा करणे म्हणजे संशयाला पुरावा देणे, असे कोणालाही वाटेल. म्हणून नीती, सेवा आणि संवाद यांवर भर येतो. २०२४ मध्ये दिब्रिटो यांचे निधन झाले, तेव्हाच्या श्रद्धांजलींतही पर्यावरणप्रेमी, कार्यकर्ता, साहित्यिक ही विशेषणे पुढे होती.

या सावधपणाचे नुकसान दोघांना होते. ख्रिस्ती वाचक बारा-तेरा वर्षांच्या वयात पाठ केलेल्या उत्तरांवर पुढील आयुष्य काढतो, आणि ती उत्तरे अपुरी पडली की एकतर गप्प बसतो किंवा इंग्रजी पुस्तकांकडे वळतो. अख्रिस्ती वाचकाला आपला शेजारी नेमके काय मानतो हे कधीच कळत नाही. समजावून सांगणे आणि वळवून घेणे यांत फरक आहे, हे मान्य करण्याइतका विश्वास लेखक आणि समाज यांच्यात असावा लागतो. स्टीफन्स यांच्यामागे सत्ता होती म्हणून त्यांचे निरूपण निःशंक होते. आजच्या लेखकामागे सत्ता नाही ही खरे तर त्याची नैतिक जमेची बाजू आहे. ऐकणारा उठून जाऊ शकतो अशा ठिकाणी केलेले निरूपणच प्रौढांचे निरूपण असते.

न विचारलेले प्रश्न

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), जालना या भागांतील ख्रिस्ती समाज बव्हंशी महार आणि मांग समाजांतून आला. त्यांचा पहिला प्रश्न आदामाचा नसतो. देवाने माणूस एक केला, तर चर्चमध्ये जात कशी टिकली, हा असतो. या प्रश्नाला धर्मविचाराचे रूप दिले ते महाराष्ट्रातूनच आलेल्या अरविंद निर्मल यांनी. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानातून त्यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मविचाराच्या उच्चवर्णीय चौकटीला आव्हान दिले आणि पुढे मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयातून दलित धर्मविचाराची मांडणी केली. येशू हा स्वतःच दलित आहे आणि देव हा सेवा घेणारा नव्हे तर सेवा करणारा देव आहे, हे त्यांचे प्रतिपादन. त्यात मराठी खेड्याचा अनुभव आहे, गावकुसाबाहेरची स्मृती आहे. फक्त भाषा इंग्रजी आहे आणि श्रोता धर्मविद्यालयातील आहे. दलित साहित्याने मराठीला हादरवून टाकलेल्या दशकाच्या लगेच नंतर, त्याच अनुभवातून आलेला एवढा मोठा विचार मराठी वाङ्मयीन चर्चेत जवळपास उमटला नाही. वर ज्याला पूर्वरंग म्हटले तो येथे तयार होता. तो मराठीत सांगण्यासाठी उभा कोणी राहिला नाही.

दुसरा प्रश्न अधिक खाजगी आहे आणि तो फार जुना आहे. जपानमधील नवख्रिस्ती लोक आपल्या बाप्तिस्मा न घेतलेल्या पूर्वजांचे काय होणार या विचाराने रडत, असे झेवियर यांनी १५५२ च्या पत्रात लिहिले आहे. त्यांच्याजवळ त्या लोकांना देण्यासारखा दिलासा नव्हता. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेतले. सिद्धान्ताची भाषा न वापरता त्यांनी आपल्यापुरते उत्तर दिले होते. १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयक घोषणापत्रात असे नमूद केले की, ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. आज महाराष्ट्रात एकाच घरात ख्रिस्ती सून आणि हिंदू सासू असणे नवे नाही. अशा घरात सासूच्या तेराव्यानंतर सून रविवारी चर्चमध्ये येते, तेव्हा तिच्या मनातील प्रश्न जपानी माणसांच्या प्रश्नाहून वेगळा नसतो. उत्तर लॅटिनमध्ये १९६४ पासून लिहिलेले आहे. तिच्या हातातील मराठी पुस्तिकेत त्या आठवड्याची वाचने असतात, दोन भजने असतात आणि शेवटच्या पानावर बालकांसाठी बोधकथा असते.